डावरा पंखा

भावजी, तुमच्या जलदान विधीला आलेली माणसं अजून मांडवातून उठली नव्हती, तोच नावेचा विषय निघाला. भन्तेजी नुकतेच गेले होते. तुमच्या फोटोपुढची मेणबत्ती अर्धीही झाली नव्हती. तुमचे चुलते, आपले मोठे बाबा, पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, "आता नाव कोण चालवणार? चालवणारा तर गेला. पलीकडचं रान देऊन टाका म्हणतो मी. गिऱ्हाईक अजून थांबून हाय."

मी आत चहा गाळत होते. खोटं कशाला बोलू, पहिला राग मोठ्या बाबांचा नाही आला, तुमचा आला. माणसानं असं अर्ध्यातून उठून जाऊ नये. सगळ्या गावानं तुम्हाला केव्हाच गोदावरीत बुडवून ठेवलं होतं. ही नाव मिलिंदला घेऊन जाणार, असं येताजाता ऐकवायचे. आणि तुम्ही गेलात कुठं, तर शहागडला हायवेच्या कडेला, तुमच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये. चहाचा कप हातात घेऊन स्टुलावर टेकलात आणि तसेच टेकून राहिलात म्हणे. काळा चष्मा कपाळावर तसाच होता.

मी बाहेर येऊन मोठ्या बाबांना एवढंच म्हणाले, "मोसंबी उतरू द्या, मग बोलू." तुमचे दादा खाली मान घालून बसले होते. नवऱ्याचं गप्प बसणं म्हणजे निम्मा होकार असतो, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलंय. तुम्हाला तर ते लहानपणापासून माहीत.

ते रान सासऱ्यांनी कसं घेतलं, हे तुम्हीच मला लग्नानंतर सांगितलं होतं. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबून घेतलं, आणि नदीपलीकडं घेतलं, कारण अलीकडं आपल्या लोकांना कोणी रान देत नव्हतं. तेव्हा उन्हाळ्यात पात्रातून चालत जाता यायचं, एरवी घोट्याएवढ्या पाण्यातून. मग खाली बंधारा झाला आणि पाणी बारा महिने तुंबून राहिलं. आपल्या दारातून आपलीच मोसंबी दिसायची आणि तिथं पोचायचं तर शहागडच्या पुलावरून वळसा घालून, पांदीतला चिखल तुडवत जावं लागायचं. अर्धा दिवस त्यातच जायचा. झाडं वाळायला लागली. पलीकडच्या एका बागायतदारानं रान मागितलं, आणि तुमच्या दादांनी चारचौघांत सांगून टाकलं, "या बहाराचा माल नदीवरून अलीकडं आला तर रान ठेवतो. न्हाई तर सही देतो."

तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात. "नाव मी उभी करतो," म्हणालात. तुम्ही ट्रकचे फाळके वेल्डिंग करणारे, तुम्हाला धड पोहता येत नव्हतं. मला हसू आलं आणि भीतीही वाटली. पण त्या बैठकीत रानाच्या बाजूनं बोलणारे तुम्ही एकटेच होतात, हे मी विसरले नाही.

धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करणाऱ्या एकाची जुनी फायबरची नाव तुम्ही ट्रॅक्टरवर घालून आणली. तिला शाफ्ट होता, इंजिन नव्हतं आणि पाण्यात फिरणारा पंखाही नव्हता. इंजिनाचं मी म्हणाले, आपल्या गिरणीचं घ्या. लाईटची मोटर बसल्यापासून ते डिझेल इंजिन पोत्याखाली पडून होतं. पंख्यासाठी तुम्ही जालन्याचं भंगार धुंडाळलंत. तिथं लोखंड वितळवायचे कारखाने, त्यामुळं कुठकुठलं भंगार येऊन पडतं. तीन पात्यांचा पितळी पंखा मांडीवर घेऊन तुम्ही एसटीतून आलात. कंडक्टरनं विचारलं तर म्हणे सांगितलंत, "मामा, ऊन लई वाढलंय. सोबत घेऊन चाललो." अशा वेळी तुमचा चेहरा अगदी सरळ असायचा.

आणि मग तो पंखा शाफ्टला बसेना. पंख्याचं भोक मोठं, शाफ्टचं टोक बारीक. दोन्ही निमुळते, पण दोघांचा उतार वेगळा. पंखा फिरताना शाफ्टवर घसरू नये म्हणून मधे लोखंडाची चावी घालतात, तिची खाच शाफ्टवर अरुंद आणि पंख्यात रुंद. मी म्हणाले, भावजी, हे स्थळ काही जुळत नाही. तुम्ही म्हणालात, "जुळवून घ्यावं लागतं वहिनी, म्हणून तर मी लग्न केलं न्हाई."

त्या दिवशी गिरणीत येऊन तुम्ही माझ्याकडं पीठ मागितलंत. मी ज्वारीचं दिलं. तुम्ही ते मळलंत, पंख्याच्या भोकात दाबून भरलंत आणि बाहेर काढायला गेलात तर तुकडे झाले. मला विचारलं असतंत तर आधीच सांगितलं असतं. "ज्वारीला चिकटपणा नसतो. गव्हाची कणीक घ्या, घट्ट मळा, थोडं तेल लावा," असं म्हणून मीच मळून दिली. मग भोकाच्या आकाराचा कणकेचा खुंट अखंड निघाला, खाचेच्या जागी उभ्या पट्टीसकट. कॅलिपरनं भोकाचं तोंड मोजता येतं, पण आत उतार कसा जातो ते खुंटच दाखवतो, असं तुमचं म्हणणं. "वाळला की आकसतो. वल्ला आहे तवरच माप घ्यायचं," हे तुम्ही मला तेव्हा शिकवलंत. लेथवाल्या काकांनी त्या मापाचा बुश, म्हणजे मधे घालायची नळी, कापून दिला, आतून शाफ्टला बसणारा आणि बाहेरून पंख्याला. चावी पायरीची केली, खालचा भाग अरुंद, वरचा रुंद. बुश सगळीकडं सारखा टेकतो की नाही हे बघायला माझी काजळाची डबी उचललीत. शाफ्टला काजळ फासायचं, बुश घालून काढायचा, आत काळं कुठं लागलं ते बघायचं, तेवढंच घासायचं, पुन्हा काजळ. डबी संपली तेव्हा बुश बसला. तुम्ही भाऊबीजेला नवी डबी आणून दिलीत. मी काय तुमची बहीण लागते का, असं विचारलं तर म्हणालात, दुकान उघडं होतं.

पहिल्यांदा नाव काढली तो दिवस मला अजून झोपेत दिसतो. काठावर मोठे बाबा उभे, शेजारी तो बागायतदार. इंजिन आणि त्यावरून शाफ्टला जोडलेला गिरणीचाच पट्टा माझ्या हातातला, म्हणून मी तुमच्यासोबत नावेत. तुमच्या दादांनी मागच्या कडीला दोर बांधून त्याचे बाभळीला वेढे दिले होते. ते नावेत कधी चढले नाहीत, पण दोर त्यांनी स्वतः बांधला. खाली बंधाऱ्याचं एक दार उघडं होतं आणि पाण्याचा आवाज इथपर्यंत येत होता. नावेचं तोंड आपण प्रवाहाच्या वर केलं. तुम्ही हँडल मारलंत. इंजिन धरलं, आणि नाव मागं सरकली.

"पाणी वढून राह्यलं, वहिनी," तुम्ही म्हणालात आणि रेस वाढवलीत.

नाव आणखी जोरात मागं गेली. तुम्ही आणखी रेस दिलीत. काठावरून तुमचे दादा काहीतरी ओरडत होते, इंजिनाच्या आवाजात कळत नव्हतं. दोर पाण्यातून सुटत चालला होता. मी मागं वाकून बघितलं तर पंख्याचा फेस मागं जायच्या ऐवजी नावेच्या बुडाखालून पुढं येत होता. तेव्हा मला कळलं, ओढणारं पाणी नव्हतं, आपणच स्वतःला बंधाऱ्याकडं ढकलत होतो. तुम्ही जितकं नाव वाचवायला जात होतात तितके आपण दाराच्या जवळ जात होतो.

मी ओरडले, पण तुम्ही ऐकायच्या स्थितीत नव्हतात. गिरणीत चालत्या इंजिनाचा पट्टा काठीनं पाडतात, हे मी हजार वेळा केलेलं. बांबूचा तुकडा होता तो घेतला, पट्ट्याच्या कडेला लावला आणि बाहेर ढकलला. पट्टा चाकावरून उतरला आणि इंजिन नुसतंच ओरडत राहिलं. पंखा थांबला तरी नाव वाहतच होती. मग दोर संपला. असा हिसका बसला की मी गुडघ्यावर आपटले. तुम्ही इंजिन बंद केलंत. मग फक्त दाराचं पाणी ऐकू येत होतं, आणि बाभळीपाशी तुमचे दादा दोर दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्यांच्या तळहातांची साल निघाली होती, ती आपल्याला रात्री जेवताना दिसली.

काठाला लागलो तेव्हा मोठे बाबा म्हणाले, "झालं समाधान? उद्या बसून बोलू."

तुमचा चेहरा पडला होता. तुम्ही पंख्याकडं बघत होतात. मी इंजिनाकडं बघत होते, आणि माझ्या डोक्यात गिरणी आली. "भावजी," मी म्हणाले, "गिरणीत या इंजिनाचा पट्टा कसा असायचा?"

तुम्ही मान वर केलीत. "पीळ मारलेला."

आपल्या गिरणीच्या दगडाच्या खाचा उलट्या बाजूच्या होत्या, म्हणून मी रोज सकाळी पट्ट्याला एक पीळ देऊन तो चढवायची. पट्टा सरळ असला की दोन्ही चाकं एकाच बाजूला फिरतात, आडवा पीळ दिला की उलट. आपण गिरणीतून इंजिन उचललं, चाक उचललं, पट्टा उचलला, आणि पीळ तेवढा तिथंच विसरून आलो. यंत्रांत जन्म काढलेल्या दोन माणसांनी ही चूक करावी. आणि तुम्ही आणलेला पंखा डावरा निघाला होता, उलट्या बाजूनं फिरला तरच पुढं ढकलणारा. इंजिन फिरवून बसवावं तर हँडल मारायला जागा उरत नव्हती. मी पट्ट्याला पीळ दिला आणि चढवला. माणसं पांगायच्या आत तुम्ही परत हँडल मारलंत. नाव पुढं गेली, दोर दुसऱ्या बाजूनं ताणला गेला. तुमचे दादा दोर धरून काठानं पळत होते, सोडायला तयार नव्हते.

"दादा, दोर सोडा," तुम्ही ओरडलात. दोनतीनदा ओरडलात तेव्हा त्यांनी सोडला.

त्या बहाराची मोसंबी नावेनं अलीकडं आली. रान राहिलं. नंतरही प्रत्येक वेळी तुमचे दादा मागच्या कडीला दोर बांधायचे, बाभळीला वेढा द्यायचे, आणि तुमचा आवाज आला की मगच सोडायचे. दोर काही पलीकडपर्यंत पुरत नव्हता, तरी बांधायचे. तुम्ही त्यांची थट्टा केली नाहीत, हे मला आवडायचं.

थट्टा माझी व्हायची. डावऱ्या पंख्यावरून आपलं भांडण सुरू झालं ते तुम्ही गेलात तरी मिटलं नाही. तुमचं म्हणणं, हाच पंखा काढून उलटा बसवला की तो सरळ ढकलेल, पट्ट्याला पीळ द्यायची गरज उरणार नाही. माझं म्हणणं, नट कुठल्याही तोंडानं लावा, तो आवळायला एकाच बाजूला फिरवावा लागतो, तसंच पंख्याचं. तुम्ही म्हणायचात, "घरातला टेबलफॅन फिरवून ठेवला की वारं तिकडं जातं का न्हाई?" मी म्हणायची, फॅनबरोबर त्याची मोटरही फिरते, भावजी. तुम्ही म्हणायचात, "एक दिवस दाखवतोच तुम्हाला." मी म्हणायची, आजच दाखवा. त्यावर तुम्हाला नेमकं शहागडला काम निघायचं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं मी तुम्हाला कितीदा म्हणाले असेन. तुम्ही जेवणाचं ताट पुढं ओढून घ्यायचात आणि म्हणायचात, वहिनी, भाजी चांगली झालीय.

पीळ दिलेला पट्टा मधोमध एकमेकावर घासतो. गिरणीत दोन चाकांमध्ये लांब अंतर होतं, नावेत ते हातभर. सांधा आला की फट् असा आवाज व्हायचा, आणि पट्ट्याच्या कडेचे धागे निघत चालले होते. तुम्ही म्हणायचात हा तुटणार. मी म्हणायची, माझ्या गिरणीत कधी तुटला नाही. मग मागच्या बहाराला, रिकाम्या क्रेटांनी नाव भरून पलीकडं जाताना, नदीच्या मधोमध पट्ट्याचा सांधा सुटला. पट्ट्याचं टोक माझ्या कानाजवळून गेलं. त्या दिवशीही खाली दार उघडं होतं. मी बांबूनं नाव तोलून धरायला बघत होते, पण बांबू तळाला लागत नव्हता, आणि तुम्ही गुडघ्यात पट्टा धरून वादीनं सांधा शिवत होतात. तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत. नाव आडवी होऊन वाहत होती, काठावरून तुमचे दादा आपल्या बरोबरीनं चालत होते, हातात सुटलेला दोर. शिवून झालं, पट्टा चढला, इंजिन धरलं. पलीकडं लागलो, क्रेट उतरवले. अलीकडं परतल्यावर तुम्ही माझ्या कानाकडं बघून म्हणालात, "लागलं का?" मी नाही म्हणाले. त्यानंतर महिनाभर तुम्ही पंख्याचं भांडणही काढलं नाहीत. मला वाटलं, तुम्ही थकलात.

विधीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या शेडमधलं सामान घरी आणलं. दादांना ते उघडवेना, म्हणून मी उघडलं. तेलाच्या कापलेल्या डब्यात पाने, छिन्नी, कॅलिपर, आणि तळाशी जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला कणकेचा खुंट. वाळून दगड झालेला. पहिला खुंट गिरणीत फळीवर ठेवलेला मला माहीत होता, मी तो नेऊन शेजारी ठेवला. हा त्याहून जाड होता आणि याचा उतार वेगळा होता. वरच्या बाजूला तुमच्या अंगठ्याचा ठसा होता, वेल्डिंगनं भाजलेल्या चट्ट्यासकट. आणि ठशाभोवती खिळ्यानं कोरलेला गोल बाण. पहिल्या खुंटावर बाण नव्हता. मी तो खुंट पुढ्यात घेऊन बराच वेळ बसले, पण कशाचा ते कळेना. एवढंच कळत होतं की कणीक घट्ट मळलेली होती आणि तेल लावलेलं होतं. तेव्हा मी रडले. इतके दिवस माणसांपुढं रडले होते, ते वेगळं.

चार दिवसांनी जालन्याहून फोन आला. भंगारवाले भाई होते. "ताई, मिलिंदभाऊची बातमी आत्ता कळली. माझ्या गाडीचा फाळका त्यांनी वेल्डिंग करून दिल्ता, त्याच्या बदल्यात एक पंखा बाजूला ठेवायला सांगितल्ता. त्यांचं काम बराबर झालंय. पंखा तुमचाच हाय, घेऊन जा."

मी विचारलं, कसला पंखा.

"सुलटा पाह्यजे म्हणल्ते. लई ढिगारे उपसले त्यांनी. दहा पंख्यांत बोटं घालून पाह्यली असतील. भेटला तवा इथंच बसून पीठ मळलं त्यांनी, डब्यातून आणल्तं. माझी पोरं हसून राह्यली तर म्हणले, आमच्या वहिनीनं सांगितलेलं माप हाय."

फोन ठेवून मी बाण बघितला. इंजिन सरळ पट्ट्यावर ज्या बाजूला फिरतं, त्याच बाजूचा बाण. म्हणजे टेबलफॅनचं तुम्हाला केव्हाच कळलं होतं. पंखा उलटा लावून काही होत नाही, सुलटा पंखाच लागतो, हे कबूल करून तुम्ही जालन्याचे ढिगारे उपसत होतात आणि घरी येऊन भाजीचं कौतुक करत होतात. भावजी, तोंडानं एकदा म्हणाला असतात तर तुमचं काय बिघडलं असतं? मी चार दिवस मिरवलं असतं, इतकंच. आणि मीही तुम्हाला म्हणायला हवं होतं की पट्ट्याबद्दल तुमचं खरं होतं. ते मीही म्हणाले नाही. दोघंही एकाच मातीचे.

पंखा आणायला मी आणि तुमचे दादा गेलो. तोही शाफ्टला बसत नव्हता, हे काय सांगायला हवं. पुन्हा वेगळं भोक, वेगळी खाच. लेथवाले काका खुंट हातात घेऊन म्हणाले, "हे माप चालणार न्हाई. भोकात सैल फिरून राह्यलंय." मी म्हणाले, वाळल्यावर आकसतं, भावजींना माहीत होतं, तुम्ही आता नवी कणीक घ्या. घरून मळून नेली होती. काकांनी बुश कापला, चावी पायरीची केली. नाव काठावर ओढून घेतली आणि काजळ मी माझ्या डबीतलं वापरलं, तुम्ही आणलेल्या. फासलं, बसवला, काढला, घासला. तुमचे दादा शेजारी बसून चिंध्या देत होते. मधेच म्हणाले, "मिल्या असता तर एवढा टाईम लावला नसता." मी म्हणाले, यापेक्षा जास्त लावला असता. ते हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

पण नाव पाण्यात ढकलल्यावर ते पुन्हा तसेच झाले. मोसंबी पलीकडं पिवळी पडायला लागली होती. मोठे बाबा काठावर येऊन बसले होते, तो बागायतदारही होता, आणि यावेळी कोणी थट्टा करत नव्हतं. नावेत मी एकटी. पट्ट्याचा पीळ मी काढला. इतक्या वर्षांनी सरळ पट्टा चाकावर चढवताना हात अडखळला, कारण चूक असेल तर ती कळेपर्यंत मी बंधाऱ्याच्या वाटेला लागलेली असणार होते, आणि पट्टा पाडणारं दुसरं कोणी सोबत नव्हतं. दार उघडं होतं, आवाज येत होता. तुमच्या दादांनी दोर कडीला बांधला आणि बाभळीला वेढे दिले. एक नाही, तीन.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "भाऊ गेला. तू गेलीस तर मी काय करू? रान देऊन टाकू."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ते मला असं कधी बोलले नव्हते. मला खाली उतरावंसं वाटलं. खरंच वाटलं, भावजी. रान म्हणजे काय, माती. माणूस घरात हवं. मग मी पलीकडं बघितलं. सासऱ्यांनी लावलेल्या झाडांपैकी जी जगली ती तुम्ही नावेनं ये-जा करून जगवलेली. मी खुंट पदरात बांधून आणला होता. तो सोडून त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी अंगठ्याचा ठसा ओळखला. बाणावरून बोट फिरवलं. "सुलटा हाय ना बाण?"

"भावजींनी काढलाय," मी म्हणाले.

ते खुंट मुठीत धरून बाभळीपाशी जाऊन उभे राहिले. मी हँडल मारलं. इंजिन धरलं. दोर सोडायला सांगणारा आवाज नेहमी तुमचा असायचा, आणि ते त्या आवाजाची वाट बघत होते, मला दिसत होतं.

"अहो," मी ओरडले, "दोर सोडा."

त्यांनी एकेक करून तिन्ही वेढे काढले आणि दोर पाण्यात टाकला. मी रेस वाढवली. नाव पुढं गेली, भावजी.